पवनचक्कीवरची चादर

वकिलाचं पत्र आलं तेव्हा लोरीनचे हात पिठात होते. शनिवारी झ्वीबाख नावाचे पाव भाजायचे, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा बसवून, हा तिच्या उनरू घराण्याचा नेम. पत्र आलं म्हणून नेम चुकत नाही. तिने पोस्टमनला दारातच थांबवलं, हात धुऊन सही केली, पत्र फळीवर ठेवलं आणि उरलेले चाळीस गोळे आधी वळून घेतले. ट्रे ओव्हनमध्ये सरकवल्यावर मग चष्मा शोधला.

पत्र विचिटा शहरातल्या वकिलाचं होतं, पण त्यातून बोलत होता तिचा धाकटा भाऊ डेल्बर्ट.

त्यांची आई, अल्विना, गेल्या जूनमध्ये गेली. शेत आणि घर तिने हयातीतच एका ट्रस्टमध्ये घातलं होतं आणि विश्वस्त म्हणून लोरीनचं नाव लावलं होतं. एकशे साठ एकर गव्हाची जमीन दोघा भावंडांत निम्मी निम्मी. घर मात्र लोरीनला मरेपर्यंत राहायला. हे घराचं कलम आईने जाण्याआधी दोन वर्षं घातलेलं. चौदा वर्षं आईचं उठणंबसणं, औषधपाणी लोरीननेच केलं. लग्न केलं नाही, दुसरं छप्पर कधी शोधलं नाही. एकसष्टाव्या वर्षी आता कुठे शोधणार?

पत्रात तीन मुद्दे होते. एक, ते घराचं कलम लोरीनने म्हाताऱ्या आईवर दबाव आणून घालून घेतलं. दोन, ट्रस्टचे कागद भावाला दाखवले नाहीत. तीन, भावाला कळवणं कर्तव्य असताना वेळेवर कळवलं नाही. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर तिला विश्वस्तपदावरून दूर करून घर विकायला काढावं, असा अर्ज कोर्टात जाणार होता.

लोरीनने पत्र दोनदा वाचलं. पहिला मुद्दा काळजाला लागला. दुसऱ्याचं तिला हसूच आलं. कागद स्वयंपाकघरातल्या खणात, सुतळीच्या गुंड्याखाली होते. डेल्बर्टने येऊन खण ओढायचा एवढंच. तिसरा मुद्दा मात्र तिला उमगेना. काय कळवलं नाही आपण?

सोमवारी सकाळचं स्तोत्र वाचून झाल्यावर ती गावातल्या केंडल रायमरकडे गेली. केंडल तिच्याच चर्चचा. रविवारच्या शाळेत तिच्या हाताखाली शिकलेला, आता वकील झालेला.

"उत्तर द्यावंच लागेल, मिस लोरीन," तो म्हणाला. "मी लिहितो. दबावाचा आरोप दहा मिनिटांत उडवून लावतो. उलट आपणच त्याला कोर्टात ओढू."

"भावाला? केंडल, मी तुला काय शिकवलं होतं?"

"भावाने भावावर फिर्याद करू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा," केंडलने एका दमात म्हणून दाखवलं. "पण तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, माझ्या नावावर घर नव्हतं. आणि बायबलात ज्या संत पौलाने हे लिहिलं, त्याला तरी कुठे घर होतं?"

"पाठांतर अजून छान आहे हो तुझं."

"थट्टा नको. तुम्ही गप्प बसलात तर न्यायाधीश म्हणेल, बाईकडे सांगण्यासारखं काही नाही. घर जाईल."

"किती दिवस उरलेत?"

"अठ्ठावीस."

"त्यातला एक मला दे. आधी एकटीने जाऊन भावाशी बोलावं, असंही बायबलात लिहिलंय. तो धडा तू कांजण्या झाल्या म्हणून बुडवला होतास."

"त्याचा वकील त्याला तुमच्याशी बोलू देणार नाही."

"मी कुठे वकिलाशी बोलायला चाललेय?"

दुसऱ्या दिवशी तिने डबा भरला, खणातला लिफाफा घेतला आणि पंचेचाळीस मैल गाडी हाकत विचिटा गाठलं. डेल्बर्टचं हार्वेस्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तो गल्ल्यामागे उभा होता. पोट सुटलेलं, कानावर पेन्सिल, अगदी वडिलांसारखी. तिला पाहून त्याने पेन्सिल काढून खिशात घातली.

"लोरीन, मला तुझ्याशी बोलायचं नाही. जे काय ते वकिलामार्फत."

"नको बोलूस. झ्वीबाख आणलेत."

"लाच आहे का ही?"

"शनिवारचे आहेत. लाच द्यायची असती तर ताजे नसते आणले?"

तो हसला नाही. झाकण तेवढं उचलून बघितलं. लोरीनने लिफाफा डब्याशेजारी ठेवला.

"हे ट्रस्टचे सगळे कागद. पहिल्या मुद्द्याचं तुला खरंच तसं वाटत असेल तर माझा इलाज नाही. आईवर दबाव आणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे तुलाही ठाऊक आहे. मी आले ते तिसऱ्या मुद्द्यासाठी. काय कळवलं नाही मी तुला?"

डेल्बर्टने लिफाफा बाजूला सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अर्धा मैल, लोरीन. मी फक्त अर्ध्या मैलावर होतो."

ती तिथल्या स्टुलावर टेकली.

दर जूनमध्ये डेल्बर्ट दुकान आठ दिवस बंद ठेवून गहू कापायला घरी यायचा. हार्वेस्टरच्या घरघरीत फोन ऐकू येत नाही, म्हणून फोन ट्रकमध्येच ठेवायचा. आईच्या सासूपासून चालत आलेला रिवाज होता: कापणीत शेतावरच्या माणसाला हाक मारायची नाही. आग लागली किंवा कुणाची शेवटची घटका आली, तरच पवनचक्कीच्या शिडीला पांढरी चादर बांधायची. ती शेताच्या कुठल्याही टोकावरून दिसते.

"दोन वाजता तिचा श्वास बदलला. तूच नंतर डॉक्टरला सांगत होतीस, मी दारात उभं राहून ऐकलं," डेल्बर्ट म्हणाला. "पाचला गेली. तीन तास मी फेऱ्या मारत होतो. दर फेरीला वळलो की पवनचक्की समोर. चादर नाही. मला वाटलं, चला, आज बरी आहे. शेवटची फेरी संपवून धूळ झटकत आत आलो, तर तू तिचे हात जुळवून ठेवले होतेस. त्या तीन तासांत हिने मला का लांब ठेवलं, काय करून घेतलं आईकडून, असं मनात आलं माझ्या. येणारच की. वकिलाने त्या संशयाला फक्त कायद्याची नावं दिली."

लोरीन आपल्या हातांकडे बघत होती. आठ महिने तिने एक गोष्ट पोटात ठेवली होती. सांगावी तर भावाला जन्माचा चटका, न सांगावी तर घर जाणार. घराचं एक वेळ सोसलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत जे साचलं होतं ते घर देऊनही निघणार नव्हतं, हे तिला आता दिसलं.

"चादर मी काढली होती," ती म्हणाली. "कपाटातून काढून हातात घेतली होती. आई म्हणाली, ठेव ती. पश्चिमेला ढग आलेत, गारा पडतील. गहू आत येऊ दे."

डेल्बर्टने गल्ल्याची कड धरली.

"किती राहिला होता?" त्याने विचारलं.

"अकरा एकर. तिनेच खिडकीतून मोजला. म्हणाली, डेल्बर्ट कोपरे नीट कापतो, वळताना एक ओंबी मागे सोडत नाही."

"आणि हे तू मला आज सांगतेयस?"

"आईने तुझ्यापेक्षा गहू जवळचा मानला, असं वाटलं असतं तुला."

"त्यापेक्षा मी तुला चोर म्हटलेलं चाललं?"

"चाललं नाही. लागलं." ती म्हणाली. "पण डेल्बर्ट, दोष तिचा नव्हे. ती अंथरुणाला खिळलेली. पाय मला होते. शिडी चढायला मला कुणी अडवलं नव्हतं. आई बोलली की ऐकायचं, ही सवय हाडात मुरली होती, तिथे मी चुकले. ती चूक माझी. त्या चुकीची माफी मागते. घराचं तुला जे योग्य वाटेल ते कर."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला पट्टा हवा होता. डेल्बर्टने मापं विचारली, मागून पट्टा काढून आणला, पैसे घेतले, हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या. गिऱ्हाईक गेल्यावर तेलकट फडक्याने नाक पुसलं आणि डबा उघडला. झ्वीबाखचा वरचा गोळा उपटून आधी तो तोंडात टाकला, लहानपणी टाकायचा तसा.

"गारा पडल्याच नाहीत," तो म्हणाला.

"नाही पडल्या."

"एक थेंबसुद्धा नाही."

"नाही."

अठराव्या दिवशी केंडलकडे विचिटाहून पत्र आलं. विश्वस्त बदलण्याची मागणी मागे, घराबद्दल तक्रार नाही. मात्र ट्रस्टचा वर्षाचा हिशोब दर जानेवारीत भावाला लेखी मिळावा.

"ही अट आपण नाकारू शकतो," केंडल जरा हिरमुसून म्हणाला. त्याने चार पानांचं उत्तर तयार ठेवलं होतं.

"का नाकारायची? तो त्याचा हक्कच आहे. तुझी चार पानं ठेव जपून, दुसऱ्या कुणाला लागतील."

जूनमध्ये डेल्बर्ट आला. पहिला दिवस दोघं कामापुरतंच बोलली. दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. चार वाजता लोरीनने टेबलावर कॉफी, झ्वीबाख, चीज आणि जांभळ्या प्लमचा जॅम मांडला. मग कपाटातून चादर काढली, गुडघे कुरकुरत असताना शिडीच्या सहा पायऱ्या चढली आणि चारही टोकांना गाठी मारल्या.

लांबवर हार्वेस्टर ओळीच्या मध्येच थांबला. डेल्बर्ट खाली उडी मारून धसकटांतून धावत निघाला. टोपी उडाली, तरी वळला नाही. अंगणात पोहोचला तेव्हा त्याचा चेहरा चादरीसारखाच पांढरा पडला होता.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोण जाणार? घरात मी एकटी. कॉफी निवतेय."

तो पायरीवर मटकन बसला.

"लोरीन, चादर आगीला नाहीतर मरणाला. आईचा नियम आहे."

"होता. आता विश्वस्त मी आहे."

"कोर्टात खेचीन तुला."

"खेच," लोरीन म्हणाली. "आधी हात धू."