शाळेत वाचलेला निकाल

वकीलबाई खटला जिंकल्या की दोन दिवस हवेत असतात, असं त्यांचा नवरा म्हणायचा. या वेळी आठवडा उलटला तरी त्या खाली आल्या नव्हत्या. फी न घेता, पदरमोड करून लढलेला खटला होता. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. कोर्टाने ते बांधायला लावलं, वर पाणी, दाराला कडी आणि साफसफाईला माणूसही.

शिवाय आणखी एक मागणी त्यांनी रेटून मंजूर करून घेतली होती. निकाल शाळेतल्या सगळ्या मुलांसमोर वाचून दाखवायचा. "आपला हक्क मुलांनाच कळला नाही, तर तो मिळून काय उपयोग?" असं त्या कोर्टात म्हणाल्या होत्या, आणि ते सुचल्यावर स्वतःवर भलत्याच खूश झाल्या होत्या.

वाचनाच्या दिवशी त्या सर्वांत पुढच्या खुर्चीत बसल्या. मुलं पटांगणात मांडी घालून बसली. मुख्याध्यापक भित्रा माणूस. कोर्टाच्या कागदातला शब्द गाळला तर नोकरी जाईल, अशा धास्तीने त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"शाळेसमोर पंक्चर काढणाऱ्या गृहस्थांची, सहावीत शिकणारी मुलगी..."

नाव नव्हतं. नाव कुठे येऊ नये म्हणून वकीलबाईंनी डोळ्यांत तेल घालून पान न् पान तपासलं होतं. पण कोर्टाला पटावं म्हणून बाकी सगळं त्यांनी अर्जात लिहिलं होतं, आणि तेच निकालात उतरलं होतं. मुलगी दिवसभर पाणी पीत नसे. एकदा गणिताच्या तासाला तिचे कपडे ओले झाले. कुणाला कळू नये म्हणून तिने बाटलीतलं पाणी स्वतःच्या अंगावर ओतलं आणि बाटली सांडली असं सांगितलं. वर्गाला ते खरं वाटलं होतं.

शाळेसमोर पंक्चरचं दुकान एकच होतं.

एकेक मान मागे वळली. कुणीतरी "बाटली" म्हणालं आणि हसू पसरलं. मुलगी खाली बघत मातीत बोट फिरवत राहिली. धावत जाऊन कागद हिसकावून घ्यावा, असं वकीलबाईंना वाटलं. पण आदेश कोर्टाचा होता, आणि तो त्यांनीच मागून घेतला होता. त्या बसून राहिल्या. शेवटी मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या, तेव्हा त्या उठून उभ्याही राहिल्या. त्या टाळ्यांची लाज त्यांना पुढे कितीतरी दिवस पुरली.

त्या दिवसापासून मुलीने शाळेत पाऊल टाकलं नाही. मुख्याध्यापकांच्या फोनवरून हे कळल्यावर वकीलबाई पंक्चरच्या दुकानात गेल्या. काय बोलायचं ते वाटभर घोकत होत्या. दुकानाशी पोहोचल्या तेव्हा त्यातलं एकही वाक्य आठवेना.

बापाने हात पुसून स्टूल पुढे केलं. "बसा ताई. आमच्यासाठी एवढं कोण करतं?"

वकीलबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाने चार शिव्या हासडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मुलगी आत ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होती. त्या तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

"चुकलं माझं. नाव लपवलं की झालं, असं वाटलं मला. लिहिलेलं आधी तुला दाखवायला हवं होतं."

"मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," मुलगी ट्यूबकडे बघत म्हणाली. "आईलासुद्धा नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "पुलापलीकडे दुसरी शाळा आहे. तिथे जाशील? तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. मी बोलते त्यांच्याशी. पहिल्या दिवशी सोडायलाही येते."

मुलीचे हात थांबले. "जाईन," ती म्हणाली. "पण तुम्ही येऊ नका."

"ए, ताईंशी असं बोलतात का?" बाप ओरडला.

"बोलू दे तिला," वकीलबाई म्हणाल्या. "नाही येणार मी."

मुलीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. "आणि त्या बाईंशी बोलूही नका. तुम्ही परत सगळं सांगाल."