इफ्राचं विमान गल्लीवरनं

इफ्राचे अब्बा सकाळपासनं जिना वर-खाली करत होते. मी म्हटलं, बसा की एका जागी, लेक उडणार हाय, तुमी का उडताय? ऐकतील तर शपथ.

मौलाली टेम्पोवाल्याची पोरगी विमान चालवते, हे सोलापुरात कुणाला सांगायचं त्यांनी बाकी ठेवलं नव्हतं. आज ती एकटी विमान घेऊन आमच्या भागावरनं जाणार होती, खासगी वैमानिकाच्या लायसनसाठी. झालं! यांनी अख्खी गल्ली आमच्या गच्चीवर गोळा केली. वर आठवडाभर लेकीला फोन, की खाली ये, लोकांना तुझं तोंड दिसू दे. पोरगी परोपरीनं सांगत होती, वस्तीवर हजार फुटांच्या खाली यायचं नसतं. इंजिन बंद पडलं तर घरं टाळून मोकळं रान गाठता यावं, एवढी उंची हाताशी लागते. तर हे म्हणाले, आपल्याच गल्लीवर यायला परवानगी कशाला लागती? काल तर रागानं फोनच ठेवून दिला.

आणि ती बापाची लाडकी. बापाचं मन राखायला खरंच खाली आली तर? चहा दोनदा उतू गेला.

घर ओळखू यावं म्हणून यांनी कठड्याला नवी लाल चादर बांधली होती. शेजारची सिद्धेश्वरी मोबाइल धरून तयार. वर बघून बघून डोळे दुखले, तेव्हा कुठं विमान दिसलं. उंच होतं, चांगलं उंच. माझा जीव भांड्यात पडला. यांचं तोंड उतरलं.

आणि मग ते खाली यायला लागलं.

गल्लीनं टाळ्या पिटल्या. मला असा संताप आला! ऐकलंस ना शेवटी बापाचं? ये घरी, दोघांनाही बघते. असं पुटपुटतानाच लक्षात आलं, आवाज येत नाही. मघाशी तर येत होता. मी यांच्याकडं बघितलं. जन्म गेला त्यांचा इंजिनाचा आवाज ऐकण्यात. हलवायला वर केलेला हात तसाच राहिला होता.

विमान डोक्यावरनं गेलं, नुसता वाऱ्याचा आवाज करत. शेवटच्या घरांच्या पुढं, ज्वारी काढलेल्या रानाकडं गेलं. झाडांमागं उतरलं आणि दिसेना.

हे अनवाणीच जिन्याकडं धावले, मधेच थांबले, परत वर आले. मी फोन लावत होते, लागत नव्हता. तेवढ्यात सिद्धेश्वरी पेढा घेऊन आली, म्हणाली, अब्बाचा शब्द राखला की पोरीनं. मी तिचा हात झटकला.

फोन वाजला. इफ्राच होती. रानात उतरले, म्हणाली, चाक मोडलंय, मला काही झालं नाही. इंजिन अचानक गेलं, पण उंची होती म्हणून घरांपलीकडं जाता आलं. मग हळूच विचारलं, "अब्बा अजून रागावलेत का?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. लोक अजून त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. लेकीचं सगळं ऐकता ऐकता त्यांनी कठड्याची लाल चादर सोडली.

"बेटा," ते म्हणाले, "पुढच्या वेळी आमाला दिसली न्हाईस तरी चालंल."