असू दे, कोळीच आहे

माझ्या नातसुनेला मी पहिल्याच दिवशी काडी हे नाव ठेवलं. फुंकर मारली तर उडेल अशी अंगकाठी, आणि बोलणं इतकं हळू की शेजारी बसूनही कान टवकारावे लागतात. चष्म्याच्या कारखान्यात भिंगं तपासते. मी म्हणायचे, काचेतून नुसतं बघायचा पगार मिळायला भाग्य लागतं! ते बोलणं मी इथे परत घेते आहे. मी सहसा काही परत घेत नाही, तेव्हा नीट वाचा.

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला, त्याला आठ महिने झाले. उजवा हात लुळा पडला. दाबायला डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, तो ह्यांनी पलंगाखाली टाकला. ह्यांचं मन एकाच गोष्टीत उरलं होतं, खिडकीतल्या पामच्या कुंडीत. वीतभर रोप होतं तेव्हा ह्यांनीच आणलेलं. मधून सुरळीसारखं नवं पान निघालं की किती उलगडलं ते बघायला हे रोज सकाळी मान वळवायचे. तेवढीच वळायची.

एक दिवस भांडी पुसता पुसता काडी म्हणाली, “आजी, पामला कोळी लागलाय.”

मी लांबूनच बघितलं. बेचक्यात बारीक जाळं. “असू दे. माशा खाईल, पोट भरेल त्याचं. घरात उपाशी राहणारी तू एक आहेस तेवढी पुरे.”

ती आणखी काहीतरी पुटपुटली. मी ऐकलं नाही. ती बोलली नाही, असं मात्र नव्हे.

पंधरा दिवसांत पानांवर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके पडले. मला वाटलं धूळ, मी फडक्याने वरून पुसली. मग माशांचा फवारा आणून अर्धा डबा मारला. घरभर खोकले, जाळं होतं तिथेच. नवी सुरळी वाळली. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि एवढंच म्हणाले, “टाकून दे.” त्या दिवशी ताटालाही हात लावला नाही.

संध्याकाळी काडीने पानाखाली पांढरा कागद धरला आणि वरून टिचकी मारली. मिरपुडीसारखे कण पडले. आणि ते चालायला लागले! तिने पर्समधलं भिंग माझ्या डोळ्याला लावलं. बाई गं! मी पाय मोजले, आठ भरले.

“हा माशा खाणारा कोळी नव्हे, आजी. हा पानातला रस पितो. माशांचा फवारा याला बाधत नाही.”

“मग तोंडात काय गुळणी धरली होतीस? आधी सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पोट भरेल त्याचं.”

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

मग तिचं काम बघत बसले. खिडकीखालच्या हीटरपाशी हवा कोरडी, तिथे हे कोळी फोफावतात, म्हणून कुंडी तिथून हलवली, बाकीच्या झाडांपासूनही लांब ठेवली. वाळलेली पानं कापून पिशवीत बांधली. माती वाहू नये म्हणून कुंडीला प्लास्टिक गुंडाळून झाड न्हाणीघरात नेलं, आणि एकेक पान तान्ह्या बाळाच्या मानेसारखं तळहातावर धरून खालच्या बाजूने धुतलं. बिऱ्हाड सगळं खालीच असतं म्हणे. मग साबणाच्या पाण्याचा हलका फवारा. “अंडी उरतात, दर चार दिवसांनी पुन्हा करावं लागेल.” दिवसभर कारखान्यात डोळे शिणवून आलेली पोर, पण एक पान सुटलं नाही. असली नजर आणि असला धीर मी माझ्या आईतच पाहिला होता.

दुसऱ्या फवाऱ्याला तिने बाटली ह्यांच्या उजव्या हातात दिली. “आजोबा, माझी बोटं दुखतात. थोडं दाबता?”

दुखतात कसली! पण मी तिचं बिंग फोडलं नाही. हेसुद्धा लिहून ठेवा.

बोटं जेमतेम मिटली, दोन थेंब चादरीवर पडले. चौथ्या फवाऱ्याला ती कामावर होती, म्हणून मीच मारायला घेतलं.

“खालून,” पलंगावरून हुकूम आला.

“मला शिकवताय?”

“वर काय मारतेस? खालून! आण इकडे.”

आणि उजवा हात पुढे आला. मी बाटली दिली.