विहिरीचा अहवाल

“अगो डाक्टरीण, चप्पल काढून उतर म्हनलं होतं ना!” नीराबाई ओरडली, पण तोवर भावनाची चप्पल गाळाने गिळली होती. ओहोटीच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभी राहून भावना हसत सुटली. नीराबाईही हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

भावना मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. पाण्यात आणि मासळीत रोगाचे विषाणू आहेत का, कारखान्यांच्या सांडपाण्यातलं शिसं, पारा किती उतरलंय, हे ती शोधायची. आगरदांड्याच्या रस्त्यावरची ही वाडी तिचं गाव. वाडीत एकोणीस जणांना कावीळ झाली होती आणि कुणीतरी बोललं, नीराबाईच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, खाऊन झाली. तेव्हापासून, चाळीस वर्षं या गाळातल्या शिंपल्या वेचून विकणाऱ्या नीराबाईची पाटी बाजारातून भरलेलीच परत येत होती. शेवटी तिनेच भावनाला फोन केला होता. “तू तपास. काय निघंल ते निघंल. पन लोकांना खरं सांग.”

भावनाने खाडीतल्या बारा ठिकाणच्या तिसऱ्या बर्फाच्या पेटीत भरल्या. कामाची शिस्त म्हणून वाडीतल्या तिन्ही विहिरींचं पाणीही घेतलं.

नवव्या दिवशी यंत्राने निकाल दिला. तिसऱ्यांच्या बाराही रेषा पडद्यावर शेवटपर्यंत आडव्या राहिल्या. विषाणू नव्हता. शिसं, पारा मर्यादेच्या बरंच खाली. भावनाने बसल्या जागी टाळी वाजवली. मग विहिरींचे नमुने आले. दोन रेषा आडव्याच गेल्या. तिसरी मध्येच वर चढू लागली. तिने नमुन्याचा क्रमांक पाहिला, चाचणी पुन्हा लावली. रेषा पुन्हा चढली.

ती तिच्या घरामागची विहीर होती. गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून धम्मदीक्षा घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात आजोबांनी चार शेजाऱ्यांना घेऊन ती खणली होती. आणि तिच्यापासून वीस पावलांवर, वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून, दोन वर्षांपूर्वी भावनानेच नवा संडास बांधून घेतला होता.

लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती घरी आली. वडील, नामा, एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. ते अंगणात चहा पीत होते.

“बाबा, कावीळ आपल्या विहिरीतून पसरली. मी बांधलेली संडासाची टाकी झिरपतेय.”

नामांनी बशी खाली ठेवली.

“खात्री हाय?”

“दोनदा तपासलं.”

“मग चल, सांगून येऊ. तवर नीराबाईची पाटी कोन घेनार?”

“लोक काय म्हणतील, बाबा? आजोबांची विहीर...”

“म्हनू देत. ब्रेक लागत न्हाय असं कळल्यावर मी गाडी कधी बाहेर सोडली न्हाय. सायेब किती का ओरडंना.”

बुद्धविहारासमोर सगळी वाडी जमली. भावनाने निकाल सांगितला. ‘टाकी मीच बांधून घेतली’ हेही सांगून टाकलं.

मागून नीराबाईने विचारलं, “म्हंजे माझ्या तिसऱ्या सुटल्या?”

“सुटल्या, काकी. फक्त नीट शिजवून खायच्या.”

“अगो, जल्मभर ह्येच सांगत आलंय मी गिऱ्हाईकांना!”

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळ्यांनाच हसू फुटलं. कावीळ झालेला प्रज्योतसुद्धा पिवळ्या डोळ्यांनी हसला. दुसऱ्याच दिवशी मुरुडच्या बाजारात नेहमीच्या गिऱ्हाइकाने, जहुराने, पाटीतला पहिला वाटा घेतला. “महिनाभर रस्सा नाही घरात,” ती म्हणाली, “उद्या दोन वाटे ठेव गं.”

पुढे टाकी फोडली, उताराला लांब नवी बांधली. विहीर उपसली, धुतली, औषध टाकलं. वाडी उकळलेलं पाणी पीत राहिली. एकेक करून सगळे आजारी बरे झाले. भावना दर पंधरवड्याला येऊन पाणी नेत होती. ओळीने तीन अहवाल स्वच्छ आले, तेव्हा तिने फोनवरच ओरडून वडिलांना सांगितलं.

त्या रविवारी सकाळी नामांनी पहिली बादली ओढली. सगळे जमले होते, हसत होते, पण पहिल्यांदा प्यायला कुणी पुढे होईना. भावना पुढे होणार, इतक्यात नीराबाई बाजाराच्या वाटेवरून आत वळली. तिच्या सासरच्या घरातलं कुणीही या विहिरीचं पाणी आजवर प्यायलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं आणि नामांनाही.

तिने डोक्यावरची पाटी काठावर उतरवली आणि ओंजळ पुढे केली.

“वता, नामादादा.”

नामांनी बादली तिरकी केली. पाणी तिच्या कोपरांवरून ओघळलं. ती प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा ओंजळ पुढे धरली.