ड्युल्सीच्या शेजारची जागा

केव्ह डन्स्टनने हॅट काढून गुडघ्यावर ठेवली, तेव्हाच नरेलला कळलं की तो काहीतरी वाईट सांगायला आलाय. केव्ह चर्च सोडून कुठेही हॅट काढत नसे.

मिरनूकच्या दफनभूमीचा कारभार पाच जणांचा ट्रस्ट पाहत असे, सगळे बिनपगारी. केव्ह अध्यक्ष होता. चिटणीस गेली सव्वीस वर्षं नरेलचे डॅड, आर्न नुस्के. ते रविवारी गेले. आज मंगळवार होता. शुक्रवारी दफन, आणि गुरुवारी सकाळी आठला खोदायचं यंत्र येणार होतं.

"जरा घोळ आहे, पोरी," केव्ह म्हणाला आणि त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "तुझी मम सी-एकतीसमध्ये आहे. बरोबर?"

"हो. आणि डॅड सी-बत्तीसमध्ये. तिच्या शेजारी."

"तेच तर." त्याने कागद टेबलावर सरळ केला आणि एका ओळीवर जाड बोट ठेवलं. "शेजारची जागा राखीव आहे. आयरीस पेचलच्या नावाने."

नरेलने ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. सी-३१. ड्युल्सी नुस्के. शेजारची जागा राखीव: आयरीस पेचल. शेवटचं नाव राखाडी अक्षरांत होतं.

"हे कोणी लिहिलंय?"

"आर्नने. दुसरं कोण लिहिणार? थडग्यांची जुनी वही गेली शहरात, पानांचे फोटो काढायला. दीड वर्ष झालं. तोवर हेच खरं."

"मग डॅडना कुठे ठेवायचं म्हणता?"

"नव्या भागात जागा आहे. कुंपणाला लागून. चांगली आहे ती, वारा कमी लागतो."

"त्यांना आता वाऱ्याचं काय करायचंय, केव्ह?"

केव्हने हॅट गुडघ्यावर फिरवली. "आयरीस नाही म्हणाली तर गोष्ट वेगळी. तिला विचारून बघ. मी विचारू शकत नाही. अध्यक्षाने कोणाची राखीव जागा मागितली तर या गावात मला पब बदलावा लागेल, आणि पब एकच आहे."

तो गेल्यावर नरेलने डॅडचा लॅपटॉप उघडला. दफनभूमीच्या यादीची फाइल समोरच होती, 'नकाशा' नावाचं पान वर. सी-३१ च्या ओळीत तेच, कागदावर होतं तसंच. तिने फाइल कधी बदलली होती ते पाहिलं. मार्च महिना, एक बुधवार. तिने झाकण लावून टाकलं. जे दिसलं तेवढं पुरेसं होतं.

बुधवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर तिसऱ्या बुधवारी डॅडच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'आ. — १०.१५'. बस, एवढंच. नरेल मेलबर्नहून बुधवारी फोन करायची तेव्हा तो कित्येकदा वाजत राहायचा. संध्याकाळी डॅड म्हणायचे, बाहेर होतो. कुठे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, मिरनूकसारख्या गावात, बाहेर असून असून कुठे असणार? गव्हाच्या कोठारापर्यंत गेलं की गाव संपतं.

आता घरातल्या वस्तू तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागल्या. भांडी निथळायच्या जाळीवर दोन कप होते. रविवारी सकाळी ती घाईघाईत पोचली तेव्हाही दोनच होते, आणि तिने त्यातलाच एक उचलून पाणी प्यायलं होतं. फ्रीजमध्ये काचेच्या भांड्यात अर्धं उरलेलं मटण होतं. तिने भांडं उलटून पाहिलं. बुडाला पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत: पेचल. गावाच्या हॉलमधल्या जेवणावळीत भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून गावातली प्रत्येक बाई अशी पट्टी लावते. ममच्या भांड्यांनाही होती. पण हे भांडं हॉलमधून आलेलं नव्हतं.

मम जाऊन तेरा वर्षं झाली होती. डॅडना सोबत मिळाली असती तर नरेलला राग आला नसता, असं ती स्वतःला समजावत होती. पण ममच्या शेजारची जागा? ती द्यायची, आणि तीही स्वतःच्या हाताने, राखाडी अक्षरांत?

त्या राखाडीला अर्थ होता. मिरनूकच्या वहीत शंभर वर्षांची रीत होती: राखीव नाव पेन्सिलीने लिहायचं, कारण माणसं पुन्हा लग्न करतात, समुद्राकाठी राहायला जातात, मन बदलतात. दफन झालं की घरच्यांपैकी कोणीतरी त्याच पेन्सिलीवर शाई फिरवायची. वही कॉम्प्युटरवर उतरवताना डॅडनी रीत सोडली नाही. राखीव नाव राखाडी. दफन झालं की घरच्यांना या टेबलाशी बसवून ते त्यांच्याकडूनच नाव काळं करून घेत. "मी केलं तर ती नुसती नोंद होते," ते म्हणायचे.

म्हणजे ते नाव त्यांनी विचार करून लिहिलं असणार. नरेलचा संशय पुन्हा पुन्हा तिथेच येऊन थांबत होता.

बुधवारी दुपारी ती आयरीसकडे गेली. आयरीस पेचल एक्याऐंशी वर्षांची, नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेलेला. व्हरांड्यात उन्हाकडे पाठ करून ती वाटाणे सोलत बसली होती. डोकं जरा तिरकं करून तिने पायऱ्यांकडे पाहिलं.

"कोण?"

"नरेल."

"ये, ये. किटली ठेवते."

"चहा नको मला."

आयरीसचे हात थांबले. या भागात चहा नको म्हणणं म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं. दारातून आतलं शेल्फ दिसत होतं. त्यावर गुलाबांची चित्रं असलेला केकचा डबा. ममचा डबा.

"तो डबा," नरेल म्हणाली.

"आर्नने दिला. बिस्किटं भरून दे म्हणाला, मग न्यायचा राहिला."

"बरंच काही दिलंय डॅडनी तुम्हाला."

"म्हणजे काय?"

नरेलने घरून वाक्य जुळवून आणलं होतं, ते पुरं निघालं नाही. "ममच्या शेजारची जागा. कधी दिली ती?"

आयरीसने मांडीवरचं भांडं खाली ठेवलं. सावकाश, कारण जमीन किती खाली आहे हे तिला चाचपून पाहावं लागलं. नरेलने ते पाहिलं आणि त्याचा अर्थ लावायचं टाळलं.

"कोण म्हणतं असं?"

"यादी म्हणते. डॅडची यादी. आणि दर तिसऱ्या बुधवारी सव्वादहा वाजता तुम्ही दोघं कुठे जायचात, तेही लिहिलंय भिंतीवर."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे," आयरीस म्हणाली. "मला मधलं दिसत नाही, नरेल. कडेकडेचं दिसतं. तुझा चेहरा मला आत्ता दिसत नाहीये, आणि बरंच आहे ते. मला गाडी चालवायला बंदी आहे. आर्न न्यायचा. जाताना नव्वद किलोमीटर, येताना नव्वद, आणि सगळ्या रस्त्याला ड्युल्सी. ड्युल्सी असं करायची, ड्युल्सीला ते आवडायचं नाही. तुझी आई मला आवडायची, पण एकशे ऐंशी किलोमीटर नाही."

नरेल वरच्या पायरीवर बसली.

"आणि मला कशाला हवी तिच्या शेजारची जागा? माझी जागा ठरलेली आहे, मी सव्वीस वर्षांची होते तेव्हापासून. जुन्या भागात, त्या मोठ्या पेपरट्रीच्या झाडाखाली. टांटेच्या बाजूला."

टांटे म्हणजे डॅडची आत्या. नरेलच्या जन्माआधीच वारलेली. लग्न न केलेली, आणि शेजारच्या लहानग्या आयरीसची आई गेल्यावर तिला घरी आणून वाढवणारी. घरातले सगळे तिला टांटेच म्हणत, जुन्या जर्मन वळणाने, म्हणजे नुसतं 'आत्या'. फोटोंच्या मागेही तेवढंच लिहिलेलं.

"मग यादीत तुमचं नाव ममच्या ओळीत कसं आलं?"

"ते तू शोध. कॉम्प्युटरवर काम करणारी तू." आयरीसने भांडं पुन्हा उचललं. दोन शेंगा सोलल्या. मग तिचे हात थबकले. "टांटेचं नाव काय होतं, माहीत आहे का तुला?"

"टांटे..."

"टांटे नाव नसतं कोणाचं. ड्युल्सी. ड्युल्सी नुस्के. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा केवढे हसलो होतो आम्ही. घरात एकाच नावाच्या दोघी झाल्या."

नरेल उठली. माफी मागायची होती, पण अजून खात्री नव्हती, आणि खात्री नसताना तिने आयुष्यात कधी माफी मागितली नव्हती. पायऱ्या उतरताना मागून आवाज आला, "चहा नको म्हणालीस, ते लक्षात ठेवीन मी."

घरी पोचली तेव्हा पाच वाजले होते. तिने लॅपटॉप उघडला आणि या वेळी 'नकाशा'च्या मागचं पान उघडलं. 'नोंदी'. इथे डॅडनी वही ओळीन् ओळ हाताने उतरवली होती. पहिल्या रकान्यात जागेचा नंबर, दुसऱ्यात पुरलेल्याचं नाव, तिसऱ्यात शेजारची जागा कोणासाठी राखीव. ती खाली खाली गेली. ए-१४: ड्युल्सी नुस्के, १९६८. राखीव: आयरीस पेचल. आणि पार खाली, सी-३१: ड्युल्सी नुस्के. राखीव: आर्नॉल्ड नुस्के.

सगळं बरोबर होतं. डॅडनी चूक केलीच नव्हती.

मग चूक कुठे होती? ती 'नकाशा'वर परतली. या पानावर डॅड फक्त नंबर लिहीत, बाकीचं फॉर्म्युला 'नोंदी'तून शोधून आणी. तिने नावाच्या घरावर, म्हणजे त्या चौकटीवर, क्लिक केलं. फॉर्म्युला म्हणत होता: डावीकडचा नंबर घे, नंबरांच्या रकान्यात शोध, त्याच्या शेजारचं नाव आण. ठीक. मग ती राखीव नावाच्या घरावर गेली.

तोच फॉर्म्युला उजवीकडे ओढून आणलेला होता. ओढताना तो एकेक घर सरकला होता. आता तो नंबर घेत नव्हता, नाव घेत होता, आणि ते नावांच्या रकान्यात वरून खाली शोधत होता. पहिलं जुळलं की तिथेच थांबायचं आणि शेजारचं उचलायचं. गावात चारशे बारा थडगी होती. ज्याचं नाव एकदाच येतं त्याच्यासाठी हा सरकलेला फॉर्म्युलासुद्धा अगदी बरोबर उत्तर देत होता. फक्त दुसऱ्या ड्युल्सीला तो पहिल्या ड्युल्सीकडे घेऊन जात होता.

रकाना जागचा हलू नये म्हणून त्याच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह लावतात. इथे ते नव्हतं. एकही नव्हतं.

नरेलने लॅपटॉपशेजारची डॅडची छोटी वही उघडली. काय सापडणार, हे तिला वही उघडायच्या आधीच कळलं होतं.

मार्च. 'न. म्हणते: एकदा लिहून उजवीकडे ओढा, मग खाली ओढा. सहा तपासले. सहाही बरोबर. केव्हला कागद दिला.'

ती तेव्हा दुकानाच्या पार्किंगमध्ये होती, गाडीत किराणा, आईस्क्रीम विरघळत होतं. डॅड फोनवर हळूहळू, शब्द जुळवत विचारत होते. कुठेतरी डॉलर लावायचे असतात असं वाचलंय मी. ती म्हणाली होती, तुमचा ट्रस्ट फुकट चालतो, तुम्हाला कशाला डॉलर? ते हसले होते. मग म्हणाले होते, "पण खरं आलंय हे कळायचं कसं?"

"पाच-सहा तपासा, डॅड. ते बरोबर निघाले म्हणजे सगळेच बरोबर. ठेवू?"

त्यांनी सहा तपासले. स्वतःची ओळ तपासली नसणार. ती त्यांना पाठ होती.

नरेलने डॉलर लावले, जिथे जिथे हवे होते तिथे, आणि कितवा रकाना आणायचा त्या आकड्यात दोनाच्या जागी तीन केलं, म्हणजे तिसरा रकाना उचलला जाईल. मग खाली ओढलं. चारशे अकरा ओळी होत्या तशाच राहिल्या. एक बदलली.

तिने केव्हला फोन केला. "सी-बत्तीसच. आयरीसची जागा ए-चौदाच्या बाजूला आहे."

"आर्नकडून अशी चूक झाली?" केव्ह म्हणाला. "आमचा आर्न?"

"नाही," नरेल म्हणाली. "माझ्याकडून."

"यंत्रवाल्याला सांगतो मग," केव्ह म्हणाला.

शुक्रवारी माती पडली. हॉलमध्ये सँडविच संपली, माणसं गाड्यांकडे निघाली. नरेल लॅपटॉप घेऊन आयरीसच्या टेबलाशी गेली. आयरीसने डोकं तिरकं केलं.

"आता काय?"

"डॅडचं नाव काळं करायचंय. घरच्यांनी करायचं असतं."

"मग कर की. घरची तू आहेस."

"तुम्ही सोबत बसा."

शेजारची खुर्ची आयरीसने पायाने थोडी बाहेर ढकलली. नरेल बसली. तिने आयरीसचा हात उचलून माऊसवर ठेवला, वर आपला ठेवला. आयरीसचं बोट गार होतं.

"आता दाबा," नरेल म्हणाली.

दाबलं. आयरीस पडद्याच्या कडेकडेने बघत राहिली.

"झालं काळं?"

"झालं."

"बरोबर जागी? बघ नीट. तुझं काही सांगता येत नाही."

नरेलने सी-३१ ची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. आयरीसने मान हलवली.

"किटली गरम आहे अजून," ती म्हणाली. "की नकोच आहे?"

नरेल दोन कप आणायला उठली.