बसवाल्याचा शेवट

नाताळच्या दिवशी लोकांना नवीन काही नको असतं, असं आमच्या मॅडम दर वर्षी मीटिंगमध्ये सांगतात, आणि तरी दर वर्षी आम्ही महिनाभर आधीपासून त्यावर डोकेफोड करतो. मी एका टीव्ही चॅनलमध्ये वेळापत्रक लावते. म्हणजे कुठल्या वेळेला कुठला कार्यक्रम दाखवायचा ते ठरवते आणि शिव्या खाते. नाताळात जरा जास्तच. सकाळी लहान मुलांचं ते अस्वलाचं कार्टून लागतं, ज्याला झोपायचं असतं आणि कोणी झोपू देत नाही. ते नेहमीपेक्षा उशिरा लावलं तर आईबाप फोन करून भांडतात. मग जुन्या गाण्यांचा खास कार्यक्रम, ज्यातले निम्मे गायक आता हयात नाहीत. दुपारी सिनेमा. सिनेमात बर्फ हवा आणि कोणीतरी घरी परतायला हवं. एवढं असलं की प्रेक्षक खूश.

यंदाचा दुपारचा सिनेमा मी हट्टाने निवडला होता. तो आमच्या घरचा सिनेमा. त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण आम्ही त्याला ‘बसवाला’ म्हणतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेवटची बस घेऊन निघालेला एक ड्रायव्हर. गावाच्या टोकाला त्याची म्हातारी आई वाट बघतेय. पण बसमध्ये प्रत्येकाची काही ना काही अडचण आणि हा प्रत्येकाला पार दारात सोडतो. शेवटी बस बर्फात रुतते आणि तो चालत निघतो. लांबवर घराच्या खिडकीत दिवा दिसतो.

आमची टेप तिथेच संपायची.

मी लहान असताना बाबांनी तो टीव्हीवरून रेकॉर्ड केला होता. त्या नाताळात आई घरात नव्हती. मावशीकडे गेलीय, असं मला सांगितलं होतं. ती दवाखान्यात होती हे मला फार उशिरा कळलं. तिला नंतर बघता यावा म्हणून बाबांनी टेप लावली आणि नेमकी शेवटाला संपली. मग पुढचं बाबा सांगायचे, दर वर्षी, उभं राहून. बसवाला दार वाजवतो. आई दार उघडते, हाताला पीठ लागलेलं. ती म्हणते, ‘पाय पुसून ये.’ बास. मिठी नाही, रडारड नाही. आणि मग मागून एकेक करत बसमधले सगळे येतात आणि घरात खुर्च्या पुरत नाहीत. ‘पाय पुसून ये’ हे वाक्य मात्र बाबा म्हणायचे नाहीत, ते आईचं. ती स्वयंपाकघरात असली तर तिथून ओरडायची.

ती टेप बघायचेही कायदे होते. जाहिराती पुढे ढकलायच्या नाहीत. साबणाच्या जाहिरातीतलं गाणं आईने म्हणायचं. मध्ये उठायचं नाही. मला एका जागी बसवत नाही, लहानपणापासून पायाला भिंगरी आहे, पण बसवाल्याला मी बसायचे.

या वर्षी घरचा प्लेअर बंद पडला. म्हणून मी टेप ऑफिसात टेपकाकांकडे नेली. आमच्याकडची जुनी यंत्रं ते एकटेच सांभाळतात आणि त्यांच्याशी माणसांपेक्षा जास्त बोलतात. त्यांनी टेप लावली, बंद केली आणि नाक मुरडलं.

“बुरशी धरलीय हिने. अर्धीसुद्धा निघायची नाही. आणि संपली म्हणतेस, पण संपलेली नाही बरं का. बरीच कोरी आहे पुढे. कोणीतरी बटण दाबलंय.”

“दाबलं गेलं असेल,” मी म्हटलं. माझं लक्षच नव्हतं. कारण तोवर मला कळलं होतं की बसवाला आमच्याच चॅनलच्या गोदामात पडून आहे, अख्खा, स्वच्छ. टेप कशाला हवी? थेट टीव्हीवरच लावू. आई पुन्हा दवाखान्यात होती. हृदयाची झडप बदलायची होती, आणि डॉक्टरांनी तारीख दिली ती नेमकी नाताळनंतरची सकाळ. डॉक्टर हसतमुख होते, पण कागदावर सही घेताना हसले नाहीत. आईला एवढं तरी बघू दे, असं मला वाटलं.

प्रत्येक सिनेमा दाखवण्याआधी पूर्ण बघायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी बघितला नाही. तोंडपाठ असलेला सिनेमा कोण बघतं? ‘पाहिला’ म्हणून शेरा मारला आणि मोकळी झाले.

नाताळच्या आदल्या दिवशी टेपकाका चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले. “तुझा बसवाला बघितला. अगं, रडवलं की त्याने.”

“कुठे? म्हातारा टोपी विसरतो तिथे?”

“छे. शेवटी. त्याची आई जाते ना.”

मी त्यांच्या हातातला कपच बाजूला सारला आणि त्यांच्या खोलीत जाऊन शेवट लावला. बसवाला घरापाशी पोचतो. दार उघडतं ते शेजारीण उघडते. आई दुपारीच गेलेली असते. खिडकीतला दिवा शेजारणीने लावलेला. बसवाला पायरीवर बसतो आणि बर्फ पडत राहतो, किती तरी वेळ. खुर्च्या नाहीत, पीठ नाही, काही नाही.

उद्या दुपारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, माझ्या आईने हे बघायचं, आणि ते मी लावलेलं.

मी मॅडमच्या केबिनमध्ये घुसले. सिनेमा बदलू या, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “आठवडाभर प्रोमो चाललेत. तूच केलेस. ‘सगळे घरी परततात’ हे वाक्यही तुझंच.”

“शेवट थोडा कापू या मग.”

“तुला बरं वाटत नाहीये का?” त्यांनी विचारलं, आणि खरंच काळजीने विचारलं, त्यामुळे मला आणखी चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाबा मजल्यावरच्या प्रत्येकाला ‘आजचा सिनेमा मुलीने लावलाय’ असं सांगून मोकळे झाले होते. लिफ्टवाल्याने माझं अभिनंदन केलं. सिस्टर म्हणाल्या, “तुम्हीच का त्या? आज आम्ही औषधं लवकर वाटून टाकलीत.” आईच्या खोलीत दोन खाटा. पलीकडच्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या, त्यांनी तर केस विंचरून घेतले होते. टीव्ही भिंतीवर उंच, आणि रिमोट बाबांच्या हातात.

“बाबा, जरा बाहेर या,” मी म्हटलं.

आम्ही कॉरिडॉरमध्ये आलो. मी पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोलत होते. “आज नको बघू या तो. आईला त्रास होईल. दुसरं काहीतरी लावू, गाण्यांचं.”

“त्रास कसला? सकाळीच झोप काढून ठेवलीय तिने, मध्ये डोळा लागायला नको म्हणून.”

“तसं नाही. ते पूर्ण आहे, बाबा. आपल्या टेपसारखं नाही.”

“मग चांगलंच की.” ते माझ्याकडे बघत नव्हते. दाराच्या काचेतून आत बघत होते.

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्यात आई मरते. एवढंच म्हणायचं होतं. पण त्या कॉरिडॉरमध्ये, त्या दारासमोर, मला ते दोन शब्द जोडून उच्चारता येईनात. मला भीती वाटत होती. सिनेमाची नाही, उद्याची. गेले कित्येक दिवस मी सिनेमा शोधत होते, प्रोमो लिहीत होते, टेपा धुंडाळत होते, ते सगळं या भीतीपासून लांब पळायला, हे मला तिथे उभं राहून कळलं.

आत आईचा आवाज आला, “अहो, सुरू झालं.”

बसवाला सुरू झाला. चित्र इतकं स्पष्ट होतं की आईला पटेना. “बसचा रंग हिरवा होता?” ती म्हणाली. “मला करडा वाटायचा.” जाहिराती नव्या होत्या, तरी पहिल्याच ब्रेकला तिने साबणाचं गाणं म्हणून घेतलं, दम लागल्यामुळे अर्धंच. मी खुर्चीत बसले, उठले, खिडकी लावली, उघडली. सिस्टर दारात उभ्या होत्या, त्यांना खुर्ची दिली आणि मग मलाच खुर्ची उरली नाही. मी भिंतीवरचा टीव्हीचा प्लग शोधत होते. तो कपाटामागे होता. रिमोट मागावा म्हणून बाबांपुढे हात केला, तर त्यांनी माझ्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.

“बस ना गं जरा,” आई म्हणाली. “बसवाल्याला तरी बस.”

मी तिच्या खाटेच्या कडेला बसले. म्हातारा टोपी विसरला. बस रुतली. बसवाला उतरला आणि चालायला लागला. आता दिवा दिसणार. मी आईचा हात धरला. तो गार होता.

दिवा दिसला आणि टीव्ही बंद झाला.

“लाईट गेले का?” पलीकडच्या बाई म्हणाल्या.

पंखा तर फिरत होता. बाबा उभे राहिले होते, रिमोट मुठीत घट्ट धरून. “इथेच संपतो हा,” ते म्हणाले.

त्यांचा अंगठा अजून बटणावर होता. कोणीतरी बटण दाबलंय, असं टेपकाका म्हणाले होते. मला आमची जुनी खोली आठवली, टीव्हीसमोर मी, मागे बाबा, आणि आई ‘मावशीकडे’. बाबांनी शेवट आधीच कधीतरी बघितला होता. मी बघू नये आणि आई परत आलीच तर तिनेही बघू नये, म्हणून टेप थांबवली आणि टीव्हीही. आणि मग पुढचं, तिथल्या तिथे, मनाने रचलं. इतकी वर्षं मी तोंडपाठ म्हणत होते ते सगळं माझ्या बाबांचं होतं.

“संपतो कसा?” पलीकडच्या बाईंना राहवेना. “मी पाहिलाय हा. पुढे ती त्याची आई तर—”

“आमच्याकडे हा असाच संपतो,” आई म्हणाली. अगदी शांतपणे, जशी ती पाहुण्यांना सांगते की आमच्याकडे चहात साखर कमी असते. बाबांनी आईकडे बघितलं. तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही, बाबांनीही नाही.

“सांगा ना पुढे,” आई म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला. “तर तो दारापाशी येतो. दार वाजवतो. आणि दार...” ते थांबले. पुन्हा सुरुवात केली, “दार उघडतं, आणि...” मग त्यांना बोलताच येईना. ते नुसते उभे होते, बंद टीव्हीकडे तोंड करून.

मी उठले. या गोष्टीला उभंच राहावं लागतं. “दार त्याची आई उघडते,” मी म्हटलं. माझा आवाज चिरकत होता, पण चालला. “हाताला पीठ असतं. ती त्याला वरपासून खालपर्यंत बघते.” इथे मी थांबले, कारण इथे थांबायचंच असतं. पुढचं वाक्य आईचं.

मी वाट बघितली. बाबा वळून बघायला लागले.

“म्हण ना,” मी म्हटलं.

“इथे कुठे पायपुसणं आहे?” आई म्हणाली आणि पांघरूण नीट करून आडवी झाली. “ते घरी गेल्यावर म्हणेन. तू पुढचं सांग, खुर्च्यांचं.”