आधी भुईला

दीपमालानं पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि गाठ न सोडताच बापाच्या हातात दिली. गुंडेरावांनी ती सोडली. आत पिवळसर, जाड पाठीची, तळहातभर शिंपी होती, शिंपल्याची एक फाक.

"अशीच पायजे व्हती," ते म्हणाले. "आपल्या ओढ्यातल्यापेक्षा बी खोल हाय की."

खाटेवर दीपमालाची आई, सुभद्राबाई, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. लकव्यानं उजवी बाजू गेल्यापासून चमचा ओठाला लागला की त्यांचे दात घट्ट मिटत, आणि पेल्यानं पाजलं की ठसका लागे. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, तर डाव्या हातानं ती उपसून काढली. चालत होती ती एकच वस्तू, घरातली जुनी शिंपी. दीपमालाला आणि तिच्या भावाला, नागेशला, त्याच शिंपीनं दूध पाजलेलं. झिजलेल्या कडेवरून पाणी दोऱ्यासारखं ओठाच्या कोपऱ्यात उतरायचं. ती गुंडेरावांच्या हातून फरशीवर पडली आणि फुटली, तेव्हापासून सुभद्राबाईंच्या पोटात धड घोटभर पाणी गेलं नव्हतं. सलाईनवर माणूस किती तग धरणार?

मंठाळच्या ओढ्यात पूर्वी शिंप्या पायाला टोचायच्या. वाळू उपसून उपसून आता त्याची नुसती नाली झाली आहे. म्हणून गुंडेरावांनी लेकीला फोन लावला होता. "तुझ्याकडं तर शिंप्याचा ढीग आसंल. येताना एक मोठी घिऊन ये, बाई."

एवढ्यात दारातून शांतम्मा आली, तांब्यात दूध घेऊन. शेजारीण, पण सख्ख्या जावेसारखी वागणारी.

"अण्णा, अक्कासाठी दूध आणलंय. म्हशीचं रेडकू मेलं न्हवं परवा, म्हणून पयली धार भुईला दिली आन् मग आणलं. अक्कानंच शिकवलंय मला. ज्याचा जीव गेला, त्याच्या नावानं आधी भुईला." मग तिची नजर दीपमालाकडे गेली. "कवा आलीस गं? मद्रासला शिंपीचं शिकायलीस म्हणं. मग माझा येक झंपर शिवून दे की!"

हे गावात नेहमीचंच होतं. शिंपीवर पीएचडी म्हटलं की लोकांना कात्री आणि मशीन दिसायचं. मन्नाएखेळ्ळीच्या बाजारात शिंपी कमी पडले होय, म्हणून पोरगी मद्रासला गेली, असं पारावर कुणी तरी विचारलंही होतं. एरवी दीपमाला हसली असती. आज तिनं दूध गाळून घेतलं आणि शिंपी धुवायला मोरीत गेली.

ढीग होता, बापाचं काही चुकलं नव्हतं. पण तो भलत्याच शिंपीचा. मद्रासच्या वरच्या अंगाला ती जिथं काम करायची, त्या खाडीत कुठल्या तरी परमुलखातून, बहुधा जहाजांबरोबर, एक काळी शिंपी आली होती. बोटाएवढी, चिंचोळी. तिथले कोळी तिला कावळ्याची शिंपी म्हणत. अंगच्या धाग्यांनी त्या एकमेकींना चिकटत आणि गोधडी अंथरावी तशा खाडीचा तळ झाकून टाकत. खालच्या चिखलात राहणारी पिवळी देशी शिंपी गुदमरून मरे, कोळंबीला बसायला जागा उरत नसे. पाण्यात बसून हातानं कोळंबी वेचणाऱ्या बायका आता रिकाम्या टोपल्या घेऊन घरी जात. भटाला दिली ओसरी अन् भट हातपाय पसरी, पण इथं ओसरी तरी कुणी दिली होती?

फोन आल्यावर दीपमाला दिवसभर गुडघाभर चिखलात हात घालून फिरली. जिथं हात घालावा तिथं काळीच. जुनी रिकामी शिंपली तरी मिळावीत, तर तीही त्या गोधडीखाली गाडली गेलेली.

जिवंत एक होती. प्रयोगशाळेच्या टाकीत. त्या भागात सापडलेली शेवटची. तिच्यानंतर कुणाला एकही मिळाली नव्हती. दीपमाला रोज सकाळी आली की आधी तिच्याकडे बघायची. पाण्यात तोंड किलकिलं करून ती निवांत बसलेली असे. बरं वाटायचं तिला बघून.

त्या संध्याकाळी सुरी लावली तेव्हा शिंपीनं जे तोंड मिटलं ते उघडेचना. केवढा जोर लावावा लागला! उघडल्यावर दीपमाला तिथंच खाली बसून रडली, आणि मग गाडी पकडायला स्टेशनवर गेली.

आणि माय लहानपणी सांगायची, ते गाडीत तिला रात्रभर आठवत राहिलं. पाजायची शिंपी काठावर पडलेली, रिकामी उचलावी. जितीला मारून घेतली, तर तिची तहान लेकराला लागते.

दूध कोमट झालं होतं. दीपमाला खाटेशी बसली. सुभद्राबाईंनी मान वळवली, लेकीला ओळखलं आणि डावा हात पुढे केला. तिनं हातात शिंपी दिली. म्हातारीचा अंगठा कडेवरून फिरला, खोलगट पोटातून गेला आणि बिजागरीपाशी थांबला. तिथं मांसाचा एक ओला, चिवट धागा अजून चिकटून होता. किती धुतला तरी निघाला नव्हता.

"काठावर... घावली?" त्यांची जीभ अडखळत होती.

"व्हय, माय."

"रिकामी?"

"रिकामीच व्हती."

सुभद्राबाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. ताप आलेल्या पोराकडे बघावं तसं. मग त्यांनी शिंपी परत दिली. दीपमालानं ती दुधानं भरून त्यांच्या ओठांशी नेली. ओठ मिटलेलेच राहिले.

"घे की गं," गुंडेराव काकुळतीला आले. "लेक एवढ्या लांबून घिऊन आलीय. कामून छळायलीस?"

"आधी..." सुभद्राबाई म्हणाल्या. "भुईला."

"आगं, रेडकू शांतम्माच्या म्हशीचं मेलंय. तिनं दिलीय की भुईला, कवाच!"

सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या लेकीकडेच बघत होत्या.

दीपमाला उठली. भरलेली शिंपी दोन्ही हातांत धरून ती उंबऱ्याबाहेर गेली, वाकली आणि दूध मातीवर ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. आतून गुंडेराव शांतम्माला सांगत होते, "लकव्यानं तिचं डोकं बी गेलं बघ. कायबी बोलायलीय."

थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसून ती आत आली आणि तिनं पुन्हा शिंपी भरली. सुभद्राबाईंनी तोंड उघडलं होतं.